वाकडी वेणी आणि आईची गादी

सुरुवात झाली ती एका वाकड्या वेणीपासून.

रोज सकाळी आई सोनकीच्या दोन वेण्या घालायची. डोंगरावर पिवळीधमक सोनकीची फुलं फुलतात ना, त्यांच्यावरून आईने तिचं नाव ठेवलं होतं. वेण्याही तशाच टवटवीत असायच्या. दोन्ही सारख्या, दोन्ही सरळ, टोकाला लाल चिंधीची दोन इवलीशी फुलपाखरं. पण त्या सकाळी डावी वेणी कानाच्या वर चढली आणि उजवी पार खांद्यावर लोंबायला लागली. सोनकीने पाण्याच्या घागरीत डोकावून पाहिलं आणि ती दचकली.

तशी ती कशालाही दचकायची. झाडाचं पान पडलं तरी दचकायची. स्वतःला शिंक आली तरी दचकायची, आणि आपण उगाच दचकलो हे लक्षात आलं की पुन्हा एकदा दचकायची.

"आई, माझ्या वेण्या अशा का गं?"

"कशा? छान तर आहेत."

"एक पूर्वेला गेलीय आणि एक पश्चिमेला!"

"मग बरंच झालं की. हरवलीस तर दोन्हीकडून सापडशील," आई म्हणाली आणि हसली. पण हसता हसता तिने हळूच कमरेवर हात ठेवला. सोनकीने ते पाहिलं.

जिथे फुलबाग संपते आणि रान सुरू होतं, तिथे त्यांची पिटुकली झोपडी होती. घरात दोघीच. आई बागेतली अबोली, झेंडू, शेवंती पाटीत भरून बाजाराला न्यायची. पाटी उचलली तर बाजार, बाजार झाला तर भाकरी, असं साधंसरळ गणित होतं. आणि त्या दोघींची एक गंमत होती. सोनकीने कुठूनही "आईऽ" म्हणून हाक मारली की आई असेल तिथून "ओऽऽऽ" द्यायची. लांबलचक, झुळझुळणारी, मधात बुडवलेली ओ. ती ऐकली की सोनकीचं दचकणं पळून जायचं.

त्या दिवशी सोनकीने हाक मारली, तेव्हा आई नुसतं "ओ" म्हणाली. इतकीशी, तुटकी ओ. दाताखाली खडा आल्यासारखी.

सोनकीला काही कळेना. मग तिची नजर गादीवर गेली.

घरात एकच गादी होती. सावरीच्या कापसाची, खूप जुनी. कापसाचे गोळे गोळे झालेले, आणि मधोमध म्हैस डुंबायला बसेल एवढा खळगा. काठावरची बरी जागा सोनकीची होती. त्या खळग्यात कोण झोपत होतं? आई. रोज रात्री वाकडी होऊन, गुडघे पोटाशी घेऊन.

सोनकीचा चेहरा एवढासा झाला. 'कंबर रुसली तर आई पाटी कशी उचलणार?' तिच्या पोटात गोळा आला. गादीतल्या गोळ्यांपेक्षाही मोठा.

तिने ठरवलं, रानातून कापूस आणायचा आणि खळगा भरून टाकायचा. काठीला फडकं बांधून ती निघाली. उन्हाळा लागला होता. रानातल्या उंच सावरीची बोंडं फुटून रुपेरी कापूस हवेत तरंगत होता. निळ्या आभाळातून पांढऱ्या पांढऱ्या म्हाताऱ्या हलकेच खाली येत होत्या. रानातली पोरं त्या उडत्या बियांना म्हातारीच म्हणतात.

सोनकी कापूस वेचत होती, तेवढ्यात कुणीतरी शिंकलं.

"आच्छीऽ!"

सोनकी तीन हात मागे उडाली. सावरीच्या काटेरी खोडावर एक म्हातारी अडकली होती. पण हिला चिमुकले हात होते! चांदीच्या तारेसारखे केस होते, मोतिया रंगाचा घोळदार झगा होता आणि तो झगा नेमका काट्यात गुंतला होता.

"म्हा-म्हा-म्हातारी बोलली!"

"म्हातारी कुणाला म्हणतेस गं?" नाजूक किणकिण आवाज आला. "परी आहे मी. कापूसपरी! पण ते नंतर. आधी मला सोडव ना. हे काटे फार टोचतात."

सोनकीला भीती वाटत होती. तरीही तिने एकेक धागा अलगद सोडवला. स्वतःच्या बोटाला काटा लागून रक्ताचा लालचुटुक थेंब आला, पण झग्याचा धागासुद्धा तुटू दिला नाही.

कापूसपरी सुटली आणि आनंदाने गिरकी घेऊ लागली. तिच्याभोवती गुलाबी, पोपटी, जांभळ्या टिकल्या लुकलुकल्या. "किती गं हळुवार बोटं तुझी! माझ्या ओच्यात तीन बिया आहेत. एका बीची एक इच्छा. माग! पण तीन नियम आहेत हं. मागशील ते शब्दाला शब्द देईन, मनातलं मला वाचता येत नाही. आणि मिळालेलं टाकून द्यायचं नाही. ज्याला त्याचं सुख होईल त्याला द्यायचं, मगच पुढची बी."

"आणि तिसरा?"

"तिसराही आहे. काय बरं होता..." परीने चांदीचे केस खाजवले. "हां! शेवटची बी संपली की मी जाते. मग हाक मारून उपयोग नाही."

"माझ्या आईची कंबर बरी कर!" सोनकी एका दमात बोलली.

"कंबर माझ्याकडे नाही गं. मी कापसाची परी. जे द्यायचं ते कापसाचं."

"मग आईला सुखाची झोप लागेल अशी गादी दे!"

"सुखाची म्हणजे कशी?" परी गोंधळली. "मी कधी झोपलेच नाही. वारा आला की उडते. मऊ म्हण, टणक म्हण, निळी म्हण. मला कळेल असं काहीतरी म्हण ना."

आता सोनकीही गोंधळली. कशी बरं असते सुखाची गादी?

तिने खारुताईला विचारलं. "मऊ!" खारुताई शेपटी झुलवत म्हणाली. "जितकी मऊ तितकी बरी. यात विचारायचं काय?"

"खुळी आहेस," खालून कासवआजोबा म्हणाले. "गादी टणकच हवी. माझी पाठ बघ. कधी दुखली?"

"तुमची पाठ म्हणजे दगड आहे, आजोबा!"

"म्हणूनच तर दुखत नाही!"

"माझं ऐकाल तर," डबक्यातून बेडूकराव ओरडले, "गादी ओली असावी. गार गार, चिखलाची. वर थोडं शेवाळ."

सोनकीचं डोकं भिंगरीसारखं गरगरलं. सगळेच इतक्या खात्रीने बोलत होते की सगळ्यांचंच खरं वाटत होतं. शेवटी तिने डोळे घट्ट मिटले. "मऊ दे. सगळ्यात मऊ!"

एक बी चमकली, फटकन फुटली, आणि पहाटेच्या ढगासारखी गुलाबी गादी तरंगत झोपडीत येऊन पडली. सोनकीने मागोमाग धावत येऊन तिच्यावर उडी मारून पाहिली. अहाहा! जणू कुणी कुशीतच घेतलं. आपल्याला इतकं छान वाटतंय म्हणजे आईला वाटणारच, नाही का?

"अगबाई! ही कुठून आणलीस?" आईने विचारलं.

"परीने दिली."

"आणि तू तिला भाकरीचं तरी विचारलंस का? कुणी एवढं दिलं तर उपाशी नाही पाठवायचं बाळा," आई म्हणाली. तिला खरं वाटलं की नाही, कोण जाणे.

आई गादीवर आडवी झाली मात्र, भस्सकन आत गेली! वर दिसत होतं फक्त नाक आणि पायाचे दोन अंगठे.

"आई, कशी आहे?"

"छान आहे हो," गादीच्या पोटातून आवाज आला.

पण सकाळी आईला बाहेर काढायला सोनकीला दोन्ही हात धरून ओढावं लागलं. आणि वेण्या? डावी कपाळावर आली, उजवी मानेमागे गेली. सोनकी बुचकळ्यात पडली. आई म्हणते छान. वेण्या म्हणतात छान नाही. खरं कोण बोलतंय?

तिने वेण्यांवर विश्वास ठेवला.

गुलाबी गादी टाकायची नव्हती. करवंदीच्या जाळीत एका सशिणीला नुकतीच पिल्लं झाली होती, डोळेही न उघडलेली, बोटाएवढी. ती काटक्यांवर कुडकुडत होती. सोनकीने गादी तिथे नेऊन अंथरली. पिल्लं आत रुतली, इवलीशी नाकं वर राहिली, आणि सगळी एका क्षणात झोपी गेली.

"आता टणक दे," सोनकी परीला म्हणाली. "सगळ्यात टणक!"

दुसरी बी फुटली. कापूस ठासून ठासून भरलेली हिरवीगार, पाचूसारखी चमकणारी गादी धप्पकन जमिनीवर आदळली. सोनकी अर्थातच दचकली. तिने गादीवर टिचकी मारली तर 'टक्' वाजलं.

"आई, ही कशी आहे?"

आई पोळपाटावरच्या पोळीसारखी सपाट पडून होती. "ही पण छान आहे हो."

सकाळी आईला उठायला त्रास झाला नाही, कारण ती झोपलीच नव्हती. खांदा लाल झाला होता. कूस बदलताना दर वेळी "आई गं" म्हणत होती. त्या सकाळी तिने एकच वेणी घातली आणि म्हणाली, "दुसरी दुपारी घालू हं, सोनुले." फुलांची पाटी दाराशी तशीच राहिली. दुपारपर्यंत अबोलीने माना टाकल्या.

हिरवी गादी कासवआजोबांना मिळाली. ते तिच्यावर ऐटीत ऊन खात बसले. "बघ! मी म्हणत नव्हतो?" त्यांनी खारुताईला चिडवलं. "टणकच हवी!"

"तुम्हाला, आजोबा, तुम्हाला!" खारुताई म्हणाली.

सोनकी मात्र ओढ्याकाठी जाऊन गुडघ्यात डोकं घालून बसली. परी तिच्या एकाच वेणीवर येऊन टेकली. ओच्यात एकच बी उरली होती. थोडी मऊ मागावी का? थोडी टणक? थोडी म्हणजे किती? ही बी वाया गेली तर आई त्याच खळग्यात जाणार, मग पाटी उचलणार कोण?

"मला सांग ना गं काहीतरी," सोनकी मुसमुसली.

"मला पाठच नाही, बाळा," परी कसनुशी होऊन म्हणाली. "मी काय सांगू?"

तेवढ्यात वाळूवर पावलं वाजली. परी चटकन कर्दळीच्या पानाआड लपली. आई आली होती, कमरेवर हात ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत. "इथे आहेस होय! मी सगळीकडे शोधलं." वाकून जवळ घेता येईना, म्हणून आई हळूहळू बसली, आणि बसणंही जमेना, म्हणून तशीच ओल्या वाळूवर मागे आडवी झाली.

"हाऽऽऽश!"

सोनकीने दचकून डोकं वर केलं. असा आवाज तिने किती दिवसांत ऐकला नव्हता. "आई, काय झालं?"

"काही नाही गं. छान वाटलं."

"गादीवर म्हणायचीस तसलं छान, की खरं छान?"

आईने दुसरीकडे मान वळवली. "तू एवढ्या हौसेने आणल्यास. नाही कसं म्हणायचं, बाळा?"

"पण मला वेण्यांनी सांगितलं!" सोनकीच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं. "तू छान छान म्हणत राहिलीस, आणि माझ्या दोन बिया संपल्या. मला खरं सांगत जा ना गं. मी घाबरेन, पण सांगत जा."

आईने हात लांब करून तिचे गाल पुसले. "बरं. खरं सांगते. पहिलीत मी बुडाले. दुसरीने मला टोचलं. आणि इथे..." ती जरा थांबली, जणू स्वतःच्याच पाठीला विचारत होती. "इथे कुणीतरी कमरेखाली हात धरल्यासारखं वाटतंय."

सोनकीने हात देऊन तिला उठवलं आणि वाळूत पाहिलं. वाळूत आईचा ठसा उमटला होता. खांद्यांखाली खोलगट वाटी, बुडाखाली आणखी खोल वाटी, आणि मध्ये, जिथे कंबर होती तिथे, वाळू उंचवट्यासारखी वर राहिली होती. सोनकी कितीतरी वेळ त्या ठशाकडे बघत राहिली. मग ती स्वतः शेजारी झोपून उठली. तिचा ठसा काही तसा नव्हता. जेमतेम चार उथळ खुणा, चिमणी बसून गेल्यासारख्या.

"अय्या!" ती ओरडली. "मी माझ्याच पाठीने बघत होते!"

आईला काही समजलं नाही. ती हसली आणि हळूहळू घराकडे गेली. सोनकी पानाआडच्या परीकडे धावली.

"मला ना, अशी गादी दे," ती ठशाकडे बोट दाखवून सावकाश, एकेक शब्द तोलून म्हणाली. "आई जिथे जड आहे तिथे दबेल. आई जिथे पोकळ आहे तिथे वर येऊन धरील. कूस बदलली की तीही बदलेल. या वाळूसारखी, पण कोरडी आणि उबदार."

"आता कसं कळलं मला!" परीने टाळी वाजवली.

तिसरी बी उघडली. आतून मधाच्या रंगाचा प्रकाश झिरपला. त्यातून एक गादी झाली. खाली घट्ट कापसाचा थर, वर हलक्या कापसाचा थर, आणि अभ्रा सोनकीच्या फुलांसारखा पिवळाधमक. पण हे काय? एक कोपरा उघडाच होता!

"संपली बी," परी ओशाळून म्हणाली. "एवढा कोपरा राहिला. आता गं कसं?"

सोनकीने उघडा कोपरा चिमटीत धरला. मग तिला घरची गोधडी आठवली. गोधडी शिवून होत आली की आई शेवटचा कोपरा उघडा ठेवायची, त्यात भाकरीचा इवलासा घास ठेवायची आणि मगच टाका घालायची. 'उपाशी अंथरूण ऊब देत नाही गं,' म्हणायची. तशी रीतच होती त्यांच्याकडे.

सोनकीने ओच्यातून अर्धी भाकरी काढली. सकाळपासून तिने ती परीसाठी जपून ठेवली होती, आईने सांगितलं होतं म्हणून. घरात तेवढीच भाकरी होती. पोटात कावळे ओरडत होते.

"तुझ्यासाठी आणली होती. आधी तू खा. मग गादीला देऊ."

कापूसपरी तिच्याकडे बघतच राहिली. "आजवर मागणारे खूप भेटले," ती म्हणाली, आणि तिचा किणकिण आवाज जरासा ओला झाला. "मला जेवायचं कुणी विचारलं नव्हतं." तिने तांदळाच्या दाण्याएवढा कण मोडून घेतला, खाल्ला, आणि उरलेल्यातला घास सोनकीने कोपऱ्यात ठेवला. परीने स्वतःच्या चांदीच्या केसाने टाका घातला.

"मग त्या दोन गाद्या उपाशी होत्या, म्हणून तशा वागल्या का?"

"कोण जाणे," परी म्हणाली. "मलाही नीटसं कळलेलं नाही. पण तुझ्या ओंजळीतली भाकरी आता पुरेल बरं का. रोज पुरेल."

एवढं बोलून ती वर वर गेली. तिचा झगा आधी मोतिया झाला, मग सोनेरी, मग नुसताच लखलखाट. सावरीच्या शेंड्यावर क्षणभर हजार काजवे पेटल्यासारखं झालं आणि विझलं. सोनकीच्या हातात अर्धी भाकरी होती. तिने डोळे चोळले. अर्धी कसली, चांगली अख्खी, गरमागरम, टम्म फुगलेली भाकरी होती ती!

त्या रात्री आई नव्या पिवळ्या गादीवर झोपली. मग सकाळ झाली. सोनकीला आपोआप जाग आली. ऊन दारातून आत येऊन उंबऱ्यावर बसलं होतं. बागेत अबोली हसत होती. पण घरात सगळं कसं गप्प गप्प होतं. कुणी "आई गं" म्हणत नव्हतं. कुणी कूस बदलत नव्हतं.

"आई?"

उत्तर नाही.

आई तर हाक मारायच्या आधीच जागी असते! या गादीनेही आईला गिळलं की काय? तिने वाकून पाहिलं. नाक वर होतं. अंगठे वर होते. खांदे होते, हात होते, सगळी आई जिथल्या तिथे होती. डोळे मिटलेले, आणि कपाळावर एकही आठी नाही.

"आई गं?"

नाही.

परी तर गेली होती. आता हाक मारायची तरी कुणाला? सोनकीने फणी छातीशी घट्ट धरली. सुटलेले केस डोळ्यांवर आले होते. तिने होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि अशी हाक मारली की छपरावरचा कावळा उडाला, ओढ्यावरचे कासवआजोबा हिरव्या गादीवरून घसरले आणि ती स्वतःसुद्धा दचकली.

"आईऽऽऽऽ!"

पिवळ्या गादीवर आईने अलगद कूस बदलली. न कण्हता, न थांबता, पाण्यात मासोळी वळावी तशी. डोळे न उघडताच तिने हात लांब करून फणी मागितली. आणि मग झोपेने भरलेली, मधात बुडवलेली, लांबलचक, झुळझुळणारी ती आली...

"ओऽऽऽऽ!"